आमची वाटचाल: कापणीच्या दिवसांतला एक टोप

आमच्या तयार मिश्रणाच्या पुडीवर ‘औषध’ हा शब्द नाही. ‘आमवात मुळापासून बरा’ असंही काही नाही. आत काय काय आहे आणि पाणी किती घालायचं, एवढंच छापलेलं आहे. दुकानदार विचारतात, बाकीचे एवढं लिहितात, तुम्हीच का नाही लिहीत? वाटचाल सांगायची तर याच प्रश्नापासून सांगायला हवी, कारण न लिहिण्याच्या हट्टापायी एकदा गाळ्याला कायमचं कुलूप लागायची वेळ आली होती.

आमचं काम म्हणजे एका टोपात शिजणाऱ्या जेवणाची मिश्रणं. हे आम्हाला कापणीनं शिकवलं. दसऱ्याच्या सुमारास हळवं भात कापायला येतं, मागोमाग निमगरवं, मग गरवं. दिवसा ऊन भाजून काढतं आणि संध्याकाळी अंगाला गार वारा लागतो. दिवसभर विळा चालवून कंबर धरलेली बाई घरी येऊन चार भांड्यांचा स्वयंपाक कधी करणार? आमच्याकडे त्या दिवसांत चुलीवर एकच टोप चढायचा. मागच्या साली धरलेला जुना तांदूळ, सालीची मूगडाळ, ठेचलेलं आलं, हळद, मिरी, वरून तुपाची धार. आश्विन-कार्तिकात पित्त चाळवतं म्हणून मिरची बेतानंच. अंग आंबलेल्या माणसाला यानं बरं वाटतं, हे सासूबाईंना कुणी सांगायला लागलं नव्हतं.

थोरल्या जाऊबाई आणि मी, दोघींनी २०१४ मध्ये चिपळूणच्या बाजारपेठेत मागच्या बाजूचा गाळा घेतला. प्रमाण त्यांचं, हिशेब माझा. पुढची काही वर्षं धंदा सरळ वाढत गेला, त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. यंत्रांबद्दल मात्र सांगते. पहिला खर्च पल्वरायझरवर, म्हणजे पूड करायच्या यंत्रावर केला. पण तो जोरात चालवला की पूड गरम होते आणि हळदीतलं, मिरीतलं उडून जाणारं तेल जातं. वास गेला की मागे नुसता रंग राहतो. म्हणून आम्ही थोडं दळतो, थांबतो, पूड पसरून निववतो, मग पुढचं दळण. हळकुंड वाळलंय की नाही हे जाऊबाई मोडून बघायच्या. मोडताना खणखणीत आवाज आला तरच ते दळायला जायचं, नुसतं वाकलं तर परत उन्हात. ओलावा मोजायचं यंत्र नंतर आलं, तरी मोडून बघणं आम्ही सोडलं नाही. हळद घ्यायची ती गुहागर तालुक्यातल्या शेतकऱ्यांकडून, आणि तीही अख्खी. दळलेली हळद आम्ही कधीच विकत घेत नाही.

आता हळदीचं. तिच्यातल्या ज्या घटकाचं एवढं नाव आहे तो कर्क्युमिन, आणि तो पुडीत साधारण २ ते ५ टक्केच असतो. म्हणजे एका सपाट चमच्यात, ३ ग्रॅम हळदीत, शंभरेक मिलिग्रॅम. तोही पाण्यात विरघळत नाही, त्याला तूप, तेल किंवा नारळाचं दूध लागतं, आणि अंगी लागायला मिरी लागते. बंगळुरूत १९९८ साली झालेल्या प्रयोगात २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पिपरीन, म्हणजे मिरीतला तिखट घटक, दिला तेव्हा रक्तात पोहोचणारं कर्क्युमिन सुमारे २० पट झालं. पाव चमचा मिरीपुडीत तेवढं पिपरीन असतं. म्हणून आमच्या मिश्रणात हळदीच्या चमच्यामागे पाव चमचा मिरी ठरलेली आहे. पण हेही लक्षात घ्या की प्रयोगातले २ ग्रॅम कर्क्युमिन कुठल्याच ताटातून पोटात जात नाही. सूज उतरवण्याला हातभार लावणारे पदार्थ रोजच्या जेवणात असावेत, इतकं आम्ही मनापासून मानतो. सांधे बरे करतो असं म्हणत नाही. ज्यांना रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी हळदीच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत, हे मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

२२ जुलै २०२१. त्या दिवसाबद्दल चिपळूणच्या माणसाला वेगळं काही सांगायला नको. वाशिष्ठीचं पाणी पहाटे बाजारपेठेत शिरलं आणि बघता बघता पुरुषभर उंचीच्या वर गेलं. वीज नाही, फोन नाही. उतरल्यावर गाळ्याचं शटर उघडायला पहार लावावी लागली. आत पल्वरायझर आडवा, ड्रायरच्या ट्रेमध्ये गाळ, इलेक्ट्रॉनिक काटा संपलेला. दिवाळीसाठी भरून ठेवलेली हळद पोत्यांतच फुगून गोळा झाली होती. भिजलेल्या हळकुंडाला बुरशी धरते, त्यामुळे ते वाळवून वापरायचा प्रश्नच नव्हता. सगळी पोती काढून टाकली. बाहेरगावांहून आलेल्या मुलांनी फावड्यानं गाळ उपसला, नाव न सांगता पुढच्या दुकानात गेली. त्यांचे उपकार आहेत. शाबूत राहिलं ते दगडी जातं. विमा होता, पण विमावाल्यांनी साठ्याची वही मागितली, आणि ती वही त्याच पाण्यात गेलेली. मिळाले ते पैसे मोटर नव्यानं भरून घेण्यापुरते.

त्याच श्रावणात एक व्यापारी पुढे आले. पुराआधी ते आमच्याकडूनच माल नेत असत. दुकानांत आमची जागा रिकामी दिसल्यावर त्यांनी स्वतःची पुडी काढली: तसाच पिवळा कागद, तसंच टोपाचं चित्र, मिश्रणाचे तेच तीन प्रकार. फरक मागच्या बाजूला. सूज, सांधेदुखी, आमवात, सगळं बरं. खाण्याच्या वस्तूवर रोग बरा करण्याचा दावा करता येत नाही, २०१८ पासून त्याचे स्वतंत्र नियम आहेत, आणि हे त्यांना आमच्याइतकंच ठाऊक होतं. आम्ही दिवाळीला कसाबसा थोडा माल घेऊन परतलो तर दुकानदार म्हणाले, “ताई, गिऱ्हाईक पुडी उलटून वाचतो. तुमच्या मागे काहीच नाही.” ज्यांना पुरात आम्ही उधारी माफ केली होती त्यांनीसुद्धा आमची पुडी खालच्या फळीवर ठेवली. तक्रार केली, पोच मिळाली, पुढे काही झालं नाही. जाऊबाई म्हणाल्या, “आपण पण एक ओळ छापू, जगायला तर हवं.” मी नाही म्हटलं. त्यावरून आमच्यात बरेच दिवस बोलणं नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात त्या मुलाकडे पुण्याला गेल्या. जाताना प्रमाणांची वही माझ्या हातात दिली. आजही तेच प्रमाण आहे, एक ग्रॅम इकडे तिकडे नाही.

धंदा तगला तो दाभोळच्या एका काकूंमुळे. पहिल्या वर्षापासूनचं गिऱ्हाईक. पूर ओसरल्यावर काकू फेरीबोटीनं धोपाव्याला उतरल्या आणि चिपळूणला येऊन थेट गाळ्यात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “गो, पैसे आत्ताच घे. माल दिवाळीला दे.” आपल्या आळीतल्या घरांची मागणी त्यांनी कागदावर लिहून आणली होती. आम्ही पुन्हा उभे राहिलो ते या आगाऊ पैशांवर. मग शृंगारतळीला उंचावर नवी जागा घेतली. तिथे माल जमिनीवर ठेवायचा नाही हा माझा नियम आहे. धंदा करणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे की विम्यात पुराचं कलम स्वतः वाचा, आणि साठ्याच्या वहीची नक्कल दर महिन्याला दुसऱ्या गावातल्या घरी ठेवा.

बांगड्याच्या भाताचा मसालाही काकूंच्याच सांगण्यावरून आला. मासेमारी १ ऑगस्टला उघडते आणि ऑक्टोबरपासून बांगडा चांगला मिळतो. बांगडा-तारल्यांत ओमेगा-३ भरपूर, आणि सूज कमी करण्यात त्याचा पुरावा हळदीपेक्षा भक्कम आहे, हे मी हळद विकणारी बाई असून सांगते. कृती अशी: टोपात चमचाभर खोबरेल, ठेचलेलं लसूण-आलं, एक चमचा हळद, पाव चमचा मिरी. त्यावर धुतलेला एक वाटी जुना तांदूळ, दोन वाट्या पाणी, एक वाटी पातळ नारळाचं दूध. तांदूळ पाऊण शिजला की मीठ लावलेले बांगड्याचे तुकडे वर मांडायचे, बिया काढलेली चार-पाच तिरफळं हलकी ठेचून टाकायची, झाकण घालून मंद आचेवर दहा मिनिटं. ढवळायचं नाही, तुकडे मोडतात. आमसुलं अगदी शेवटी. आंबट आधी पडलं तर दाणा आखडतो, आणि डाळीच्या खिचडीत तर डाळ शिजतच नाही. कुळीथ घालणार असाल तर रात्रभर भिजवा, त्याला वेगळा मार्ग नाही. तिरफळाची पूड विकत घेऊ नका, अख्खीच घ्या.

आणि हळद कुणाचीही घ्या, पण एकदा घरी बघा. काचेच्या ग्लासात पाणी, त्यात चमचाभर हळद, हलवायचं नाही. चांगली हळद खाली बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं. रंग घातलेली असेल तर पाणी गडद पिवळं होतं. आमच्या दुकानात हा ग्लास काउंटरवर कायम असतो. कुणीही आपली पुडी आणून बघावी, ती आमची असो की दुसऱ्या कुणाची.

त्या व्यापाऱ्यांची पुडी आता फारशी दिसत नाही. यंदा गणपतीच्या आधी त्यांच्या माणसाचा फोन आला, अख्खी हळद हवी होती, भाव चढा द्यायला तयार होते. मी सांगितलं की हळकुंडं आमच्याच टोपांना लागतात. दुसऱ्या दिवशी दाभोळचा माल भरला, कापणीच्या आधी पोहोचायला हवा होता.