आमची वाटचाल: पावती पुस्तकाचा नंबर

1984 साली शेतीतला माझा वाटा विकून मी छापखाना काढला: हाताने कागद लावायचे एक ट्रेडल छपाई यंत्र, मराठी खिळ्यांच्या म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षरांच्या केसेस आणि पावतीवर ओळीने नंबर उठवणाऱ्या नंबरिंगच्या दोन डब्या घेतल्या. खिळे पुढे किलोच्या भावाने गेले, ऑफसेट छपाई आली. नंबरिंग आणि परफोरेशन, म्हणजे पावती फाडायच्या भोकांची ओळ, मात्र आजही त्याच ट्रेडलवर होते. काम संपले की डब्या रॉकेलात बुडवायच्या, दात घासायच्या जुन्या ब्रशने सहाही चाकांतली वाळकी शाई काढायची, फडक्याने कोरड्या करायच्या आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडायचा. दोन थेंब पडले तर पुढच्या दहा पावत्यांवर डाग. हे काम मी कारागिरावर कधी सोडले नाही आणि नव्याने धंद्यात येणाऱ्यानेही सोडू नये.

नगरपालिकेचे कोरे पावती पुस्तक म्हणजे नोटच. ते नंबरानिशी साठा नोंदवहीत चढते, नंबरानिशी कारकुनाच्या सहीने बाहेर पडते, भरले की नंबरानिशी परत येते. एक नंबर कमी भरला की लेखापरीक्षणात आक्षेप, आणि तो आक्षेप त्या माणसाच्या पेन्शनपर्यंत पाठ सोडत नाही. आमचे पहिले गिऱ्हाईक म्हणजे नगरपालिकेचे भांडारपाल अण्णा, ते हे जाणून होते. दुसरे लोक वरचे आणि खालचे पान पाहून पोच देतात. अण्णा स्टुलावर बसायचे, ओल्या स्पंजावर अंगठा टेकवायचे आणि प्रत्येक पुस्तक पानन् पान मोजायचे. मगच पहिल्या पानावरच्या ‘या पुस्तकात 100 पावत्या आहेत’ या दाखल्याखाली सही. आमच्याकडचा चहा त्यांनी कधी घेतला नाही. दर जास्त वाटला तर तोंडावर सांगायचे, माल चांगला असला तर मुख्याधिकाऱ्यांसमोरही तसेच सांगायचे. मला कामाची शिस्त त्यांच्या अंगठ्याने लावली.

तेव्हा आमचे पोट जकातीवर होते. गावाच्या पाच वाटांना पाच नाके आणि रात्रंदिवस पावत्या फाटत. 1999 च्या सुरुवातीला तोंडी सांगावा आला, ‘पुढच्या वर्षाची जकातीची पुस्तके काढायला घ्या, आदेश मागाहून देतो.’ पंधरा वर्षांचा व्यवहार, म्हणून मी विचारले नाही. उधारीवर कागद उचलला, चार माणसे दोन पाळ्यांत लावली, चारशे पुस्तके बांधून तयार केली. त्याच वर्षी राज्यातल्या नगरपालिकांची जकात रद्द झाली. महानगरपालिकांची तेव्हा राहिली, आमच्यासारख्या गावांची गेली. पुरवठा आदेश हातात नाही, त्यामुळे माल कोणी घेईना. नगरपालिकेचे नाव छापलेला कागद दुसऱ्याला विकता येत नाही आणि नंबर घातलेली पुस्तके रद्दीत देणे मला पटेना. अण्णांसमोर मी ती चारशे पुस्तके एकेक करून कापली. कटिंग मशीनचे पाते खाली येताना तो आवाज ऐकायला बायकोही आली होती. कागदवाल्याचे देणे फेडायला तीन वर्षे लागली, तिच्या पाटल्या गेल्या, चारपैकी दोन माणसे कमी करावी लागली. तेव्हापासून लेखी आदेशाशिवाय मी एक ओळ जुळवलेली नाही. कोणी कितीही ओळखीचे असो, तुम्हीही जुळवू नका.

त्यातून मान वर काढतो तोच अण्णा निवृत्त झाले आणि शेजारच्या तालुक्यातला एक पुरवठादार आला. त्याचे नाव मी घेत नाही. घरपट्टीच्या पावत्यांसाठी दरपत्रके मागवली होती. तुलनात्मक तक्ता झाला त्या दिवशी मी टेबलाशी उभा होतो. माझे एक दरपत्रक आणि बाकीची तीन, तीन वेगवेगळ्या फर्मची, तीन गावांची. तिन्ही लेटरहेडवर ‘क’ च्या डाव्या गाठीला एकच टवका उडालेला होता. खिळ्यांत आयुष्य काढलेल्या माणसाला ते दुरून दिसते: तिन्ही कागद एकाच केसमधल्या एकाच खिळ्याने छापले होते, म्हणजे तिन्ही दरपत्रके एकाच ठिकाणची. मी तिथेच बोललो. ‘लेखी द्या’ म्हणाले. लेखी दिले, आवक क्रमांक घेतला. उत्तर आजवर नाही. काम त्याला गेले. मागणी 70 जीएसएम (चौरस मीटरला 70 ग्रॅम) मॅपलिथो कागदाची होती, माल आला 54 च्या पातळ क्रीमवोव्ह कागदाचा. हातात धरल्यावर खालच्या बोटाची सावली दिसे.

मार्चअखेरच्या धांदलीत वसुलीच्या एका तरुण कारकुनाने त्यातलेच एक पुस्तक वापरले. लेखापरीक्षणात 4417 नंबरच्या दोन पावत्या दोन वेगळ्या घरमालकांकडे सापडल्या. बनावट पुस्तक छापून पैसे खाल्ले असा ठपका आला, मुलगा निलंबित झाला. त्याचे वडील माझ्याकडे आले. विभागीय चौकशीत मी भिंग घेऊन गेलो आणि ते पुस्तक मागितले. शेवटची पाने कोरी होती, पावती आणि कार्यालयात राहणारी स्थळप्रत अजून जोडलेली. पावतीवर 4461, शेजारी स्थळप्रतीवर 4462. पुढच्या प्रत्येक पानावर तसाच एकाचा फरक, शेवटी 4499 शेजारी 4500. पावतीवर नंबर उठवणाऱ्या डाव्या डबीचे चाक वाळक्या शाईने एकदा अडकले, तोच नंबर दोनदा उठला, उजवी डबी पुढे गेली. दुसऱ्या घरमालकाची रक्कम 4418 च्या स्थळप्रतीवर होती आणि किर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, जमाही होती. मी खिशातून माझी डबी काढली, शाई माखून चाक अडकवून दाखवले. मुलगा सुटला. मुलाची आठ महिन्यांची झोप गेली होती, तिचा हिशेब कोणी केला नाही. त्या पुरवठादाराला मात्र पुढच्या वर्षीही काम मिळाले. आज हे लिहितानाही माझा हात गरम होतो.

त्यानंतरची बरीच वर्षे काम चालू राहिले, माझा मुलगा हाताशी आला. 2017 ला जीएसटी आला, मग खरेदी सरकारच्या जेम या ऑनलाइन पोर्टलवर जाऊ लागली, घरपट्टीची पावती संगणकातून निघू लागली.

मुलाने एक गोष्ट माझ्या आधी ओळखली. 2006 चा सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम कायदा पुरवठादाराच्या बाजूचा आहे. माल पोचल्यापासून पंधरा दिवसांत लेखी हरकत आली नाही तर माल स्वीकारला असे धरतात. करारात काहीही लिहिले तरी पैसे देण्याची मुदत 45 दिवसांच्या वर जात नाही. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने दरमहा चक्रवाढ व्याज लागते आणि याच कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. पण या कायद्याखालची आपल्या धंद्याची नोंदणी माल देण्याआधीची हवी. नोंदणी करून घ्या, पोच घेतल्याशिवाय गठ्ठा खाली ठेवू नका आणि देयक आवक-जावकला देऊन शिक्का आणा, साहेबांच्या हातात देऊ नका.

आठवडी बाजारात बैठक फी अजून पुस्तकावरच फाटते. गेल्या महिन्यात त्या पुस्तकांचा आदेश लेखी आला. माल घ्यायला चौकशीतून सुटलेला तोच कारकून होता, आता वरिष्ठ लिपिक. त्याने स्टूल ओढले, अंगठा ओला केला आणि दोनशे पुस्तके पानन् पान मोजली. एकही नंबर चुकला नव्हता. देयकाला आज 38 वा दिवस आहे.