पन्नास फेनिगची मोड

लिलावाला येणाऱ्या जुन्या नोटांची प्रत ठरवणं हे माझं काम. गेल्या आठवड्यात एक बाई आजेसासऱ्यांचा अल्बम घेऊन आल्या. पहिल्या महायुद्धानंतर ते शिकायला जर्मनीत होते. तिथलं चलन मार्क घसरलेलं, त्यामुळे परदेशी विद्यार्थ्याला तिथे राहणं परवडायचं.

अल्बमभर नोटगेल्ड, म्हणजे अडचणीच्या काळात गावोगावी छापलेल्या नोटा. युद्धात लोकांनी चांदीची नाणी दडवली, तांबं-निकेल दारूगोळ्याकडे वळलं. युद्ध संपलं तरी बाजारात मोड मिळेना. मग नगरपालिका आणि बचत बँकाच पंचवीस-पन्नास फेनिगचे (शंभर फेनिगचा एक मार्क) कागद काढू लागल्या. (चांदी तुटली म्हणून आपल्याकडेही १९१७ साली एक रुपयाची नोट निघालीच की!)

बाईंची भिस्त रंगीत पानांवर होती. हामेल्नच्या नोटांवर पुंगीवाला आणि उंदीर, बीलेफेल्डची नोट तर चक्क रेशमावर छापलेली. सगळ्या कोऱ्या करकरीत. त्यांना भाव येतो, तसं मी सांगितलंही. पण १९२१ च्या सुमारास अशा बऱ्याच मालिका संग्राहकांसाठीच निघत होत्या. नोट वटवायला कोणी आलंच नाही, की तेवढे पैसे गावाच्या तिजोरीत. जुलै १९२२ मध्ये सरकारने अखेर त्यावर बंदी घातली.

शेवटच्या पानावर कोलोनची पन्नास फेनिगची एक नोट होती. घड्या पडून कागद मऊ पडलेला, कोपऱ्यावर तेलाचा डाग. महापौरांची छापील सही आडेनाउअर यांची. १९४९ मध्ये पश्चिम जर्मनीचे पहिले चान्सलर झाले तेच; तेव्हा ते ब्रिटिश फौजांच्या ताब्यातल्या शहराचा कारभार पाहत होते. नोट उलटली तर मागे पेन्सिलीने केलेली बेरीज, देवनागरी आकड्यांत!

मी थरारून गेलो. ही नोट कुणाकुणाच्या खिशातून फिरत एका मराठी पोराच्या हाती आली होती आणि त्याने तिच्यावरच हिशेब मांडला होता. वरिष्ठ म्हणाले, "पेन्सिल खोडून टाक, प्रत सुधारेल. नाहीतर किरकोळमध्ये घाल." बाजाराच्या हिशेबाने ते बरोबरच. लिखाण असलं की भाव पडतो. पण खोडरबर मी लावू दिलं नाही. स्वतंत्र क्रमांक घातला आणि वर्णनात डाग, सही, बेरीज सगळं लिहिलं.

बाईंनी मसुदा वाचला. म्हणाल्या, "रेशमी जाऊ देत हो, दादा. ही मात्र यादीतून काढा. आमच्याकडे त्यांच्या जमाखर्चाच्या वह्या आहेत, त्यात ठेवीन."

मी ती पाकिटात घालून त्यांच्या हाती दिली आणि तो क्रमांक यादीतून काढला.