792 किलोहर्ट्झवरून 6.5 मिलिवॉट: अर्थिंगचा गुंता सुटला

जवळच्या रेडिओ स्टेशनच्या लहरींतून तार आणि कॉइलने वीज काढून छोटा सेन्सर चालवायचा, हा माझा प्रयोग. 1 केच्या (1000 ओहमच्या) लोडवर अखेर 2.55 व्होल्ट टिकले, म्हणजे 6.5 मिलिवॉट. मागच्या अपडेटला याच लोडवर जेमतेम 0.9 व्होल्ट होते, म्हणजे 0.8 मिलिवॉट. अँटेना तीच, 8 मीटर उंचीवर 20 मीटर तार. स्टेशनही तेच: पुणे आकाशवाणी, हडपसरचा 100 किलोवॉटचा ट्रान्समीटर, हवाई अंतर अंदाजे 4 किमी. बदललं ते अर्थिंग आणि कॉइलवरचा टॅप (मधल्या वेढ्यावरून काढलेली जोडणी).

कोडं असं होतं की लोड काढला की डबलरवर (सिग्नलचं डीसी करून व्होल्टेज दुप्पट करणारं दोन डायोडचं सर्किट) 11 व्होल्ट, लोड लावला की सगळं बसायचं. पहिला संशय डायोडवर. हल्ली ओए79 (जुना जर्मेनियम डायोड) म्हणून मिळणाऱ्यात शॉटकी (झटपट बंद होणारे डायोड) बरेच निघतात, पण इथे तेही चालतात. 1एन4007 हा पॉवर सप्लायमधला साधा डायोड मात्र नको. 792 किलोहर्ट्झचं एक आवर्तन 1.26 मायक्रोसेकंदांचं असतं, आणि या डायोडला बंद व्हायलाच त्याहून जास्त वेळ लागतो. बीएटी85 या शॉटकी डायोडची जोडी लावून पाहिली, फरक नगण्य.

मग सर्किटचा एकूण रोध मोजला. पद्धत सोपी आहे, प्रत्येकाने करून पाहावी. लोड काढा. कॉइलजवळ एका वेढ्याचा पिकअप, त्यावर डायोड आणि मीटर. अर्थच्या वायरीत 100 ओहमचा कार्बन प्रीसेट, म्हणजे फिरवून बदलता येणारा रोध, घाला (वायरवाउंड नको, त्याचं इंडक्टन्स मोजमाप बिघडवतं). रीडिंग निम्मं होईपर्यंत प्रीसेट फिरवा. त्या वेळी प्रीसेटचा रोध हाच सर्किटचा रोध. आकडा आला 92 ओहम! कॉइलचा वाटा फार तर 12, म्हणजे बाकी जवळजवळ सगळं जमिनीचं.

अर्थिंगची सळई 3 मीटर खोल, कोळसा-मीठ घालून केलेली, अर्थ टेस्टरवर 6 ओहम दाखवणारी. पण टेस्टर मोजतो ते अगदी कमी फ्रिक्वेन्सीला. मीडियम वेव्हला अँटेनाखालच्या सगळ्या जमिनीतून करंट परततो, तोही वरच्या थरातूनच, आणि उन्हाळ्यात तो थर कोरडा ठणठणीत. खोल गेलेली एकटी सळई त्याला पुरत नाही.

उपाय: 1 चौमी हाउस वायरचं 90 मीटरचं एक बंडल. त्याच्या 11-11 मीटरच्या आठ तारा अँटेनाखाली जमिनीवर पसरल्या, टोकं एका पितळी बोल्टवर डाख देऊन एकत्र आणली आणि तिथेच सळईही जोडली. इन्सुलेशन काढायची गरज नाही. चार तारांपर्यंत रोध झपाट्याने उतरला, पुढच्या चारांनी थोडा, आणि 41 वर स्थिरावला. जमिनीवर पसरलेल्या अशा तारांना, म्हणजे रेडियल्सना, लांबीपेक्षा संख्या महत्त्वाची. एवढीच वायर असेल तर दोन लांबलचक तारांपेक्षा आठ आखूड बऱ्या.

आता टॅप. 75 मिमी पीव्हीसी पाइपवर 24 गेजचे 70 वेढे, सुमारे 355 मायक्रोहेन्री, अँटेनाकडे 500 पिकोफॅरडचा गँग (फिरवायचा कपॅसिटर) सिरीजमध्ये. आधीचा टॅप अर्थच्या बाजूने 15 व्या वेढ्यावर होता. तिथे लोड सर्किटला इतका दाबून टाकायचा की करंटच वाहत नव्हता. डबलर स्वतःच्या इनपुटला लोडच्या आठव्या भागाइतका दिसतो, 1 के असेल तर 125 ओहम. 41 ओहमच्या सर्किटला तो जुळवायचा तर टॅप चौथ्या वेढ्यावर येतो. तिथे ओपन व्होल्टेज 11 वरून 5.4 वर उतरलं आणि पॉवर आठपट झाली. लोडशिवायचे व्होल्ट पाहून अँटेना जोखणं सोडा. लोडवरचा आकडा लोडशिवायच्या आकड्याच्या निम्म्याच्या आसपास असेल तर जुळणी बरोबर.

पुढे बीक्यू25570 या अल्प वीज गोळा करून साठवणाऱ्या चिपचा बोर्ड. त्याचा ट्रॅकिंग पॉइंट (लोडशिवायच्या व्होल्टेजच्या किती टक्क्यांवर वीज ओढायची ते) सोलरसाठीच्या 80 टक्क्यांवर ठेवू नका, 50 वर हवा. दर 16 सेकंदांनी तो इनपुट मोकळा सोडून व्होल्टेज तपासतो, तेव्हा 5.4 व्होल्ट थेट चिपवर येतात आणि तिची मर्यादा 5.1 आहे. जादा व्होल्टेज अडवायला 4.7 व्होल्टचा झेनर डायोड लावता येईल, पण कमी व्होल्टचे झेनर आधीपासूनच गळतात. त्यापेक्षा टॅप तिसऱ्या वेढ्यावर उतरवणं बरं. रात्री प्रसारण बंद असतं, तेव्हासाठी 1 फॅरडचा सुपरकपॅसिटर: 5 वरून 3 व्होल्टपर्यंत उतरताना 30 मायक्रोअँपचा सेन्सर साधारण 18 तास चालतो, स्वतःची गळती वेगळी.

सिरीज गँगमुळे अँटेनाला डीसी मार्ग उरत नाही. वळवाच्या ढगांखाली तारेवर चार्ज साठतो, म्हणून अँटेना ते अर्थ 1 मेगओहम आणि बाहेरच्या बाजूला नाइफ स्विच हवाच.

पुढचा बेत कॉइलसाठी लिट्झ वायरचा (बारीक इन्सुलेटेड तारा पिळून केलेली, कमी रोधाची) होता, 41 पैकी 12 ओहम तिथेच जातात म्हणून. पण हे लिहिताना दुसरा मार्ग सुचला: वरच्या तारेला समांतर आणखी दोन तारा, मीटरभर अंतराने. अँटेनाची कपॅसिटी वाढेल, लागणारं इंडक्टन्स घटेल, म्हणजे वेढे आणि त्यांचा रोध दोन्ही कमी. खर्च काही मीटर तारेचा. लिट्झ तूर्त बाजूला. आधी या दोन तारा, मग परत प्रीसेट लावून मोजणी, आणि पहिल्या पावसानंतर ओल्या जमिनीवर पुन्हा एकदा.