काही खाल्लं नाही, मॅडम

आयसीयूतला माझा राउंड सकाळी दहाचा. मी आहारतज्ज्ञ, म्हणजे सिस्टरांच्या भाषेत ‘डाएटवाल्या मॅडम’. कुणाच्या नळीतून किती मिली पेज जाणार, कुणाला आजपासून पातळ पदार्थ द्यायचे, कुणाचं मीठ कमी करायचं, एवढं लिहून मी निघते. तातडीच्या प्रसंगात मला कुणी विचारत नाही, आणि ते बरोबरच आहे.

मे महिन्यातली गोष्ट. छत्रपती संभाजीनगरचं ऊन, त्यात पाणी काही दिवसांआड. मी लिफ्टमधून बाहेर पडले तर आयसीयूच्या दाराशी बाकावर बसलेल्या एक काकू एकदम उठून उभ्या राहिल्या.

“मॅडम, ओळखलंत का? आमचे हे तुमच्याकडेच दाखवायला यायचे.”

चेहरा आठवला, नाव नाही. ‘हे’ म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले, साठीतले काका. ओपीडीत वही घेऊन येणारे. रोजची पावलं, रोजचं वजन, उपाशीपोटीची साखर, सगळं निळ्या-लाल शाईत. असे पेशंट आम्हाला फार आवडतात.

सकाळी सात वाजता पोटात कळ आली, मग उलट्या, मग जुलाब. तिसऱ्या उलटीत रक्त दिसलं तसं मुलाने गाडीत घातलं. कॅज्युअल्टीत आले तेव्हा बीपी ८० वर ५०. ईसीजी लगेच काढला, कारण या वयात मधुमेही माणसाचा हार्ट अटॅक पोटदुखीच्या वेषातही येतो. ईसीजी ठीक. मग शिळं-पाकं खाल्लं का, बाहेरचं खाल्लं का, गुडघ्यासाठी दुखण्याच्या गोळ्या घेता का, दारू? सगळ्याला नाही. काकूंनी तीन वेगवेगळ्या डॉक्टरांना एकच उत्तर दिलं होतं आणि मलाही तेच दिलं: “काल रात्री वरण-भात. सकाळपासून काही खाल्लं नाही, मॅडम.”

चोवीस तासांचा आहार विचारणं हे माझं रोजचं काम. त्यात एक गोष्ट पक्की कळलेली असते की लोक चहा मोजत नाहीत. भाजी चिरताना तोंडात टाकलेला शेंगदाण्याचा बकाणा मोजत नाहीत, देवळातला पेढा मोजत नाहीत. त्यामुळे माझा पुढचा प्रश्न सवयीचाच होता, त्यात हुशारी काही नव्हती.

“आणि प्यायले काय?”

“पाणी. आणि रस तेवढा. तो तर रोजचाच.”

“कसला?”

“दुधीचा. आमच्या गच्चीवरच्याच दुधीचा, बिनखताचा.”

मी विचारलं, चव कशी होती. काकूंनी तोंड वाकडं केलं. “कडूजहर. मी घोटभर घेतला आणि बेसिनमध्ये थुंकला. ह्यांना म्हटलं, टाकून द्या. तर म्हणतात, कडू आहे म्हणजे गुण आहे. नाक धरलं आणि ग्लास संपवला.”

मी आत जाऊन ड्युटीवरच्या डॉक्टरांना सांगितलं. तरुण मुलगी होती, पण ऐकता ऐकताच तिच्या लक्षात आलं. “कुकुरबिटासिन?” म्हणजे कडू दुधीतलं विषारी द्रव्य. मी मान हलवली. इथे मी काही मोठा शोध लावला असं कुणी समजू नये. या विषावर उतारा नाही. सलाईन, बीपी सावरणं, पोटातलं आम्ल कमी करणारं इंजेक्शन, लिव्हरच्या तपासण्या. यातलं बरंचसं आधीच सुरू होतं. फरक इतकाच पडला की कारण कळलं, एंडोस्कोपीत काय दिसणार याचा अंदाज आला, आणि काकूंनाही दिवसभर नजरेखाली ठेवलं गेलं. त्यांच्या पोटात काही गेलं नव्हतं. दुपारी दुर्बीण घातली तर जठराचा आतला थर जागोजागी सोललेला, लालभडक. डॉक्टर म्हणाल्या, ॲसिड प्यायल्यासारखं दिसतंय.

दुधी, दोडका, काकडी, भोपळा, कारलं, सगळं एकाच कुळातलं. जनावरांनी आणि किड्यांनी खाऊ नये म्हणून या वेली स्वतःत कडू द्रव्यं तयार करतात. आपण पिढ्यान्‌पिढ्या गोड वेलींचं बी राखत आलो, म्हणून बाजारातला दुधी सहसा कडू निघत नाही. पण वेलाला ताण बसला, कडक ऊन लागलं, पाणी तुटलं, फळ जून झालं, की जुनी सवय उफाळून येऊ शकते. काका-काकू लग्नासाठी नऊ दिवस गावाला गेले होते. तेवढे दिवस गच्चीवरचा वेल मेच्या उन्हात कोरडा उभा होता. परत आल्यावर त्याच वेलाचा पहिला दुधी मिक्सरमध्ये गेला.

माझी आजी पैठणची. तिने कधी काकडी न चाखता कोशिंबिरीत घातली नाही. शेंडा कापायचा, चकती जिभेला लावायची, मग विळीवर बसायचं. दुधी, दोडका, सगळ्यालाच हा नियम. कडू निघाला तर सरळ गोठ्यामागच्या उकिरड्यावर, म्हशीलाही नाही. “कडू भोपळा तंबोऱ्याला, नाहीतर पोरांना पोहायला शिकवायला,” म्हणायची. तिला कुकुरबिटासिन शब्द माहीत असण्याचं कारण नव्हतं. मला शब्द माहीत होता आणि चाखायची सवय सुटलेली होती.

हे मी उगाच नम्रपणे लिहीत नाही. संध्याकाळी ओपीडीतली काकांची जुनी फाइल काढली. पहिली भेट नोव्हेंबरातली. वजन ७१, कमरेचा घेर ९८ सेंटिमीटर, तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ८.१ टक्के. खाली माझ्या अक्षरात त्यांच्या दिनक्रमाची यादी, आणि त्यात एक ओळ: ‘सकाळी दुधी रस १ ग्लास – चालेल.’

तो ‘चालेल’ कसा लिहिला गेला तेही मला आठवतं. बाहेर अकरा पेशंट बसले होते. दुधीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, रस गाळला की चोथाही जातो. फायदा फारसा नाही, तोटाही नाही, माणूस खूश आहे तर राहू दे, असा माझा हिशेब. वास्तविक हा विषय मला नवा नव्हता. दिल्लीत एक मृत्यू झाल्यावर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, तज्ज्ञांची समिती नेमली होती. तिचा अहवाल २०१२ मध्ये छापून आला. रस काढण्याआधी दुधीचा तुकडा चाखा, कडू असेल तर फेकून द्या, इतर रस त्यात मिसळू नका, पिऊन त्रास झाला तर ताबडतोब दवाखाना गाठा, इतक्या साध्या सूचना. २०१८ मध्ये पुण्यात एका महिलेचा असाच मृत्यू झाल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा मी या सूचनांची स्लाइडही केली होती. ज्येष्ठ नागरिकांच्या एका कार्यक्रमात ती दाखवलीही. आणि समोर बसलेल्या माणसाला मात्र ‘चालेल’.

फेब्रुवारीत काका आले तेव्हा साखर ७.४ वर आली होती. “रसाचा गुण,” ते म्हणाले. मी हसले. गुण रसाचा नव्हता. चाळीस मिनिटं चालणं सुरू झालं होतं आणि रात्री दहाचं जेवण साडेसातवर आलं होतं. हे मी तेव्हा स्पष्ट सांगायला हवं होतं. त्याऐवजी श्रेय रसाकडे जाऊ दिलं, कारण माणसाचा उत्साह मोडायचा कशाला. उत्साह वाढत गेला. मार्चपासून नाश्ता बंद, त्याऐवजी रस. सोमवारी कारलं, मंगळवारी कडुलिंब, रात्री मेथीपूड. हे सगळं मला त्यांच्या वहीतून नंतर कळलं. काकूंनी ती पिशवीतून आणली होती. चवीच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी एकच शब्द होता: ‘कडू’. जी जीभ रोज कडू गिळायला शिकवली, ती त्या सकाळी धोका कसा सांगणार? आणि सांगितलाच होता तिने. काकांनी नाक धरून तिला गप्प केलं.

कडूचा आपल्याला जरा जास्तच आदर आहे. पाडव्याला कडुलिंबाची पानं खाऊनच वर्ष सुरू होतं. लहानपणी ताप आला की काडेचिराइताचा काढा, आणि तो प्यायलेलं पोर शूर. त्यात वाईट काही नाही. पाडव्याच्या चटणीत गूळही असतोच. पण माझ्याकडे पन्नाशी-साठीत जी माणसं ‘आता तब्येतीकडे बघायचं’ ठरवून येतात, त्यांच्यापैकी कितीतरी जणांना तब्येत म्हणजे आधीच्या तीस वर्षांची शिक्षा वाटते. नावडतं खायचं, आवडतं सोडायचं, जितका त्रास तितका लाभ. त्यांना मी म्हटलं की सकाळी दोन अंडी खा, किंवा मुगाचे घावन आणि वाटीभर दही घ्या, तर चेहरा पडतो. एवढंच? हे तर चांगलं लागतं!

चौथ्या दिवशी काका वॉर्डात आले. आवाज बसलेला, पण वही मागून घेतली होती. मी खुर्ची ओढली. माफी मागितली म्हणणं जास्त होईल. फाइलमधली ती ओळ त्यांना दाखवली आणि म्हटलं, हे मी न विचारता लिहिलं, चूक झाली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मॅडम, तुम्ही नको म्हणाला असतात तरी मी प्यायलोच असतो. ट्रॅकवर सगळे पितात.” हे त्यांनी माझ्या सोयीसाठी म्हटलं की खरंच, कोण जाणे.

मग आम्ही कामाचं बोललो. पलंगावरून उठताना ते दोन्ही हात टेकत होते, आणि तो नुसता चार दिवसांचा अशक्तपणा नव्हता. बायकोने सांगितलं की एप्रिलपासूनच भारतीय बैठकीतून उठताना हात मागतात. किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं धरली तर ७१ किलोच्या माणसाला दिवसाला ५९ ग्रॅम लागतात. वहीतल्या मार्च-एप्रिलच्या पानांवरून बेरीज केली तर बहुतेक दिवस तिशीच्या आसपास. साखर उतरत होती आणि मांड्याही उतरत होत्या. वहीत फक्त साखरेचा रकाना होता. नवा रकाना मीच आखून दिला: खुर्चीतून हात न टेकता किती वेळा उठलो. त्या दिवशी तिथे शून्य लिहिलं.

दुपारी आमच्या किचनमधून मऊ भात, मुगाचं पातळ वरण आणि वर चमचाभर तूप आलं. सहा दिवस असाच मऊ आहार, तिखट-आंबट नाही, साखर रोज तपासायची. काकांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले, दुसरा घेतला. मग माझ्याकडे संशयाने पाहिलं.

“हे फार छान लागतंय. चालेल ना?”

मी यावेळी वाटी उचलून मापलं, भात किती, वरण किती, आणि मग सांगितलं की चालेल.

काकू मला दारापर्यंत सोडायला आल्या. मी आठवण केली की गच्चीवरचा तो वेल ठेवू नका, त्याच्या कुठल्याच फळाचा भरवसा नाही, बीही धरू नका.

“परवाच उपटला,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “ह्यांना अजून सांगितलं नाही. घरी गेल्यावर सांगेन.”