दोनशे सत्तर रुपये

फरक 270 रुपयांचा होता. चहावाल्या दादांच्या वहीत ऑगस्टचे 1,740 होते, माझ्या संगणकावरच्या टॅलीत 1,470. फरकाला 9 ने पूर्ण भाग जात असेल तर आधी आकडे उलटे पडलेत का बघावं, हे मला पहिल्या नोकरीत एका जुन्या हेडक्लार्कनं शिकवलं होतं. तरी मी संशय घेतला तो दादांच्या वहीवरच. टॅलीवर बसणाऱ्यांचा हा रोगच आहे. पडद्यावरचं खरं आणि पेन्सिलीनं लिहिलेलं खोटं.

मी भोसरीतल्या एका छोट्या कंपनीचे हिशेब बघते. पंधरा-सोळा माणसं, संगणकावर चालणारी तीन सीएनसी मशिनं, वर पत्रा. पण नावामागे प्रायव्हेट लिमिटेड आहे, त्यामुळे 30 सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यावी लागते. सभा म्हणजे आमचे मालक सर, वहिनी आणि बिस्किटांची बशी. पुढच्या 30 दिवसांत ताळेबंद एओसी-4 नावाच्या फॉर्ममध्ये भरून कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर चढवायचा, उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये. हा ताळेबंद बँकेच्या मॅनेजरशिवाय कुणी वाचत नाही, असंच मी कित्येक वर्षं धरून चालले होते.

पण वाचतात. 2015 च्या जानेवारीत जीडीपीची, म्हणजे देशाच्या एकूण उत्पादनाच्या आकड्यांची, नव्यानं मोजलेली मालिका आली, पायाभूत वर्ष 2011-12. त्याआधी खासगी कंपन्यांच्या कमाईचा अंदाज रिझर्व्ह बँकेनं अभ्यासलेल्या अडीचेक हजार कंपन्यांवरून बांधत. नव्या मालिकेत थेट मंत्रालयाच्या पोर्टलवरचे सुमारे 5 लाख कंपन्यांचे ताळेबंद घेतले. 2013-14 चा विकासदर जुन्या हिशेबानं 4.7 टक्के होता, तो 6.9 झाला. बदल एवढ्या एकाच कारणानं झाला नव्हता, पण अर्थतज्ज्ञांचं भांडण पेटलं ते बरंचसं या ताळेबंदांवरून. आणि त्या ढिगात कुठेतरी मी एका पावसाळी रात्री, लाइट जाण्याच्या भीतीनं घाईघाईत भरलेला फॉर्मही असणार.

गंमत अशी की तोच आकडा तिथं वेगळा वाचतात. आमच्या नफा-तोटा पत्रकात पगार खर्चाच्या बाजूला. दिवाळीच्या बोनसचा विषय निघाला की सर त्या ओळीकडे गळक्या नळाकडे बघावं तसं बघतात. देशाच्या हिशेबात कंपनीनं घातलेली भर म्हणजे विक्रीतून स्टील, वीज, वाहतूक, चहा असलं सगळं वजा करून जे उरतं ते. त्यात नफा येतो, पगार येतो, मशिनांच्या झिजेचा घसारासुद्धा येतो. म्हणजे बोनस वाढवला तर सरांचा नफा घटेल, पण भर तेवढीच राहील. फक्त वाटणी बदलेल. हे मी सरांना एकदा समजावून पाहिलं. ते म्हणाले, "मग मॅडम, बोनस देशालाच द्यायला सांगा."

आमच्या बिलबुकावर वरच कंपनीचा 21 अक्षरांचा ओळख क्रमांक छापलेला असतो. पहिलं अक्षर सोडलं की पुढचे पाच अंक धंद्याचे. आमचे सुरू होतात 51 ने. 2006 साली नोंदणी केली तेव्हा सरांचा विचार पार्टची घाऊक विक्री करायचा होता, आणि तेव्हाच्या कोडवहीत 51 म्हणजे घाऊक व्यापार. पुढे मशिनं आली, आम्ही पार्ट बनवायला लागलो, क्रमांक राहिला तोच. त्यात नंतर कोडवही बदलली. नव्या वहीत 51 म्हणजे हवाई वाहतूक! सरांना दाखवलं तर म्हणाले, "असू दे, बँकेला चालतंय ना?" बँकेला चालतं. पण या क्रमांकावरून कंपनी कोणत्या क्षेत्रात टाकायची ते ठरवलं, तर आमचे लेथवर झिजलेले हात देशाच्या दृष्टीनं गोदामात बसलेत. अशा आम्ही एकट्याच नाही. 2019 मध्ये सेवा क्षेत्राच्या सरकारी पाहणीचा तांत्रिक अहवाल आला, त्यात मंत्रालयाच्या यादीवरून शोधायला गेलेल्या कंपन्यांपैकी तिसऱ्या हिश्शाहून जास्त एकतर सापडल्या नाहीत, बंद होत्या किंवा भलताच धंदा करत होत्या.

आणि फॉर्म भरलाच नाही तर? तर 2015 च्या त्या मालिकेत वसूल भागभांडवलाच्या, म्हणजे भागधारकांनी प्रत्यक्ष भरलेल्या भांडवलाच्या, प्रमाणात अंदाज धरत. आमचं वसूल भागभांडवल 1 लाख. उलाढाल काही कोटींत. मी महिनाभर आजारी पडले असते तर देशाच्या लेखी आम्ही किती रोडावलो असतो, या विचारानं मला उगाचच भाव चढतो.

तसा देशाचाही हिशेब जुळत नाही. उत्पादनाच्या बाजूनं केलेली बेरीज आणि खर्चाच्या बाजूनं केलेली बेरीज यांत जो फरक राहतो, तो 'विसंगती' अशी ओळ घालून सरळ तक्त्यात छापतात. मी सस्पेन्समध्ये, म्हणजे न जुळलेल्या रकमांच्या खात्यात, चाळीस रुपये ठेवले तरी सीए फोनवर आवाज चढवतात.

शेवटी व्हाउचरची फाइल काढली. 1,740. माझ्याच अक्षरातलं, टॅलीत चढवताना चार आणि सात उलटे पडलेले. चहा आमचा खर्च, तेव्हा आमची भर 270 नं कमी झाली. दादांच्या बाजूचे 270 मात्र कुठल्याच पोर्टलवर जात नाहीत. त्यांच्यासारख्यांची कमाई सरकार पाहण्यांवरून अंदाजानं धरतं.

दुपारी ते किटली घेऊन आले तेव्हा पैसे हातात ठेवले आणि म्हटलं, "दादा, चूक माझीच होती." त्यांनी कानामागची पेन्सिल काढली, वही गुडघ्यावर उघडली, ऑगस्टच्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि म्हणाले, "मला माहीत होतं. आज अर्धा का पूर्ण?"