बाईंचा तंबोरा : सहावा आठवडा

मागच्या नोंदीत तंबोरा लावायला पंचवीस मिनिटं लागत होती, आता बारावर आलेय. कौतुक नको. बाईंचं हे काम कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मध्ये उरकायचं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. सांगलीत गावभागात बाईंकडे आठ वर्षं गाणं शिकले. मग नोकरी, लग्न वगैरे, आणि गाणं सुटलं ते सुटलंच. बाई गेल्यावर त्यांच्या मुलाने तंबोरा माझ्याकडे आणून ठेवला. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा बाईंनी कपाटं सोडून आधी हा माळ्यावर चढवला होता. भोपळा शाबूत आहे. खुंट्या मात्र पावसाळ्यात रुसतात, एक फुगते तर दुसरी सुटते. सुटणाऱ्या खुंटीला खडू घासते आहे, तूर्त चालतंय.

या आठवड्याची मोठी गोष्ट जवारीची, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा घासून झंकार आणण्याची. सूर जुळला तरी आवाज बोदा यायचा, म्हणून मिरजेत सतारमेकर गल्लीत घेऊन गेले. कारागिरांनी घोडीवरून नुसतं नख फिरवलं आणि म्हणाले, "ताई, तारांनी चर पाडलेत." तार घोडीच्या माथ्यावर टेकत टेकत सुटली पाहिजे, चरात बसली की तिचा झंकारच मरतो. त्यांनी तारा काढल्या, कानस चार-पाच वेळाच फिरवली, तार चढवली, ऐकली, पुन्हा उतरवली. असं किती वेळा केलं ते मोजायचं मी सोडून दिलं. शेवटी घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवला, कणभर पुढे, कणभर मागे, आणि एका जागी आवाज एकदम उघडला. दोनदा बघूनही ती जागा मला घरी चटकन सापडत नाही.

माझा 'सा' पेटीच्या काळी चार पट्टीवरून खाली, काळी तीनवर आणलाय. मला आधी वाईट वाटलं. मग आठवलं, पन्नाशीनंतर बाईंनीही उतरवला होता. "आवाज उतरला तर तंबोरा उतरवायचा गं, ओरडायचं कशाला?"

पहिल्या महिन्यात त्यांनी मला 'सा'सुद्धा लावू दिला नव्हता. मी अकरा वर्षांची, आई फी भरतेय, आणि मी रोज नुसती जोडीच्या दोन तारा छेडत बसलेली. दोन्ही जवळ आल्या की आवाजात डोल येतो, वांव-वांव-वांव. आणखी जवळ आल्या की तो संथ होतो आणि मग थांबतो. बाई आतून भाजी चिरता चिरता ओरडायच्या, "थांबला नाही अजून!" आईला वाटायचं, ही बाई फुकट पैसे घेते. खरं सांगायचं तर मलाही वाटायचं.

गंधाराचं, म्हणजे 'ग' या स्वराचं, कोडं मात्र मिरजेच्या दर्ग्यात सुटलं. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर तिथेच आहे आणि उरुसात आवारात गाणं होतं. बाई आम्हा चौघींना मागे बसवायच्या. "गवई राहू दे, तंबोरे ऐक." खर्ज, म्हणजे खालच्या 'सा'ची जाड तार, नीट लागला की त्यातून न छेडलेला गंधार आपोआप उमटतो, हे तोवर मला थोतांड वाटत होतं. त्या रात्री ऐकला. मग घरी पेटीवर पडताळायला गेले तर पेटीचा गंधार वर! पेटीचा तो स्वर नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) चढाच असतो, हे पुष्कळ वर्षांनी वाचलं. बाईंना सेंट-बिंट माहीत नव्हते, त्या फक्त पेटी मिटून ठेवायच्या.

परवा, गुरुवारी पहाटे, घरच्या खर्जातून तो गंधार आला. दहाएक सेकंदच असेल. मग दूधवाल्याने बेल वाजवली.

पुढच्या आठवड्यात मारवा राग. त्यात पंचम ('प') नाही, म्हणून एरवी पंचमात असणारी पहिली तार निषादावर ('नी') चढवायची आहे. घाईत खुंटी उलटी पिळायची माझी जुनी खोड अजून गेलेली नाही, सोमवारीच जोडीची एक तार तुटून अंगठ्यावर बसली. तेव्हा पंचमाची एक जादा तार आणून ठेवलीय.