‘तिथे’ म्हणजे नेमके कुठे

२२ नोव्हेंबर, शनिवार

आज पुण्याहून साताऱ्याला परतताना एसटीत अडीच तास बसून आले आणि खंबाटकी घाट संपेपर्यंत आपण बसलेल्या आहोत याची जाणीवही मला झाली नाही. मे महिन्यात याच रस्त्याने मी शिरवळपर्यंत कशीबशी बसत असे आणि पुढचा प्रवास दांडीला धरून उभ्यानेच करत असे. रिकाम्या जागेशेजारी उभ्या राहणाऱ्या बाईला कंडक्टरने दोनदा ‘ताई, बसून घ्या की’ असे सांगितले होते, आणि दोन्ही वेळा मी पाठ धरली आहे असे खोटेच सांगितले होते. पाठ, कंबर, गुडघा या जागा चारचौघांत दुखू शकतात. माझे दुखणे तसे नव्हते.

घरी आल्यावर दुखण्याची वही काढून मेपासूनची सगळी पाने वाचली. फिजिओथेरपिस्ट मॅडमनी पहिल्या भेटीतच रोज लिहायला सांगितले होते, आणि मी पहिल्या दिवशी लिहिले होते : ‘आज तिथे खूप दुखले.’ पुढच्या शनिवारी त्यांनी ‘तिथे’ या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि शांतपणे विचारले, ‘तिथे म्हणजे नेमके कुठे? आपोआप दुखते, की काही लागल्यावर? आग होते, टोचते, की खाजते?’ छत्तीस वर्षांच्या आयुष्यात हे प्रश्न मला या क्रमाने कोणी विचारले नव्हते, आणि खरे सांगायचे तर त्यांची उत्तरे शब्दांत मांडायची मला सवयही नव्हती.

आता सहा वर्षांकडे मागे वळून पाहते तेव्हा सगळा घोळ त्या एका ‘तिथे’मध्ये दिसतो. २०१९ च्या पावसाळ्यात मला योनिमार्गात बुरशीचा साधा संसर्ग झाला, औषधाने खाज गेली, पण आग मात्र राहिली. मी डॉक्टरांकडे जाऊन ‘तिथे आग होते’ म्हणाले की समोरच्याला ते बुरशीचे लक्षण वाटे आणि पुन्हा फ्लुकोनाझोलची गोळी, पुन्हा क्लोट्रिमाझोलच्या आत ठेवायच्या गोळ्या, पुन्हा ते तीन-चार औषधे एकत्र केलेले मलम, ज्यात स्टेरॉइडही असते हे मला फार उशिरा कळले. दोन ठिकाणी तर न तपासताच चिठ्ठी लिहून मिळाली. ज्यांनी तपासले त्यांनी उपकरण घालून आतले पाहिले, सगळे स्वच्छ आणि नॉर्मल असल्याचे सांगितले, आणि ते उपकरण ज्या जागेवरून आत गेले, ज्या जागेवरून जाताना मी टेबलाची कड घट्ट पकडली होती, ती जागा मात्र पाहिलीच गेली नाही. एका ज्येष्ठ बाईंनी ‘एक मूल होऊ दे, सगळे सुरळीत होईल’ असे सांगितले. ज्या वेदनेमुळे मूल होण्याची वाटच बंद होती, तिच्यावरचा उपाय म्हणून हे सांगितले गेले, याचा राग अजून माझ्या मनात आहे आणि तो मी लपवत नाही.

सासूबाईंना मी फक्त ‘आग होते’ एवढेच सांगू शकले. त्यांनी ती उष्णता ठरवली आणि सकाळी धने-जिऱ्याचे पाणी, दुपारी सब्जा, रात्री गुलकंद असा क्रम दीड वर्ष न चुकता चालवला. त्याने आग कमी झाली नाही, परंतु त्या सहा वर्षांत माझे दुखणे खरे मानणारी ती पहिली व्यक्ती होती, हे इथे लिहून ठेवायलाच हवे.

यंदाच्या मार्चमध्ये पुण्यात ज्या स्त्रीरोगतज्ज्ञ भेटल्या त्यांनी वीस मिनिटे नुसते ऐकून घेतले. नंतर हातात आरसा दिला आणि कापसाची ओली काडी घेऊन, आधी मांडीला लावून दाखवून, बाहेरच्या ओठांपासून आत येत एकेका ठिकाणी अगदी हलके टेकवली. प्रत्येक ठिकाणी मी शून्य ते दहा असा आकडा सांगायचा होता. बाहेर शून्य, शून्य, एक. आतल्या ओठांच्या मध्ये, योनिमुखाच्या भोवतीचा जो नाजूक पट्टा असतो, त्याला त्या व्हेस्टिब्युल म्हणाल्या. त्यावर घड्याळाची तबकडी कल्पून चार, पाच, सहा, सात या आकड्यांच्या जागी काडी टेकली आणि माझ्या तोंडून आठ, नऊ असे आकडे आले. कापसाचा स्पर्श आणि नऊ! त्यांनी आरसा तिरका करून ती जागा मला दाखवली. सहा वर्षे मी जिला ‘तिथे’ म्हणत होते ती जागा माझ्या नखाएवढी होती.

स्राव सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला गेला, बुरशी नव्हती. लायकेन स्क्लेरोसससारखा त्वचारोग नाही, हर्पिस नाही, संप्रेरकांच्या कमतरतेची चिन्हे नाहीत, हे एकेक करून तपासले गेले आणि मग त्यांनी कागदावर देवनागरीत लिहून दिले : व्हल्व्होडायनिया, आणि त्यातही स्पर्शाने जागा होणारा, व्हेस्टिब्युलपुरता मर्यादित प्रकार. किमान तीन महिने टिकणारी, दुसरे कोणतेही स्पष्ट कारण सापडत नाही अशी भगाची, म्हणजे बाहेरच्या जननेंद्रियाची, वेदना, अशी तिची व्याख्या २०१५ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ संघटनांनी एकमताने ठरवली आहे. कारण सापडत नाही म्हणजे दुखणे मनाचे आहे असा अर्थ नव्हे, हे डॉक्टरांनी मी न विचारताच सांगितले. त्या पट्ट्यातल्या मज्जातंतूंची टोके वाढलेली किंवा अतिसंवेदनशील झालेली असू शकतात, मेंदू आणि मणक्यातली वेदनेची यंत्रणा त्या इशाऱ्यांनी अधिकच हळवी होते आणि साधा स्पर्शही इजा म्हणून वाचू लागते. बोटाला चटका बसून गेल्यावरही कोमट पाणी पोळावे, तसे काहीसे.

त्या रात्री मी वाचत बसले. अमेरिकेत बॉस्टन परिसरातल्या स्त्रियांची पाहणी करून २००३ साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला त्यात सुमारे १६ टक्के स्त्रियांनी आयुष्यात कधीतरी तीन महिने किंवा अधिक काळ अशी वेदना सोसल्याचे सांगितले होते, आणि त्यांतल्या जवळजवळ ४० टक्के कोणाकडे उपचारासाठी गेल्याच नव्हत्या. आमच्या बँकेच्या शाखेत आम्ही सहा जणी आहोत. त्या रात्री मी मनातल्या मनात एकेकीचा चेहरा आठवून पाहिला होता.

२३ नोव्हेंबर, रविवार

काल अर्धवट राहिलेले आज लिहिते, कारण नेमका कशाने गुण आला हे विसरण्याआधी नोंदवायला हवे.

पहिली गोष्ट फार साधी होती : थांबवणे. सुगंधी साबण, ‘इंटिमेट वॉश’, रोज वापरायचे पातळ पॅड, डेटॉलचे पाणी, आणि ती सगळी मलमे बंद झाली. नुसते पाणी, सुती कपडे, पाळीत सुती कापडाचे पॅड. पंधरा दिवसांत त्वचेचा लालपणा ओसरला आणि आकडा नऊवरून सातावर आला. स्वच्छतेच्या नावाखाली मीच ती जागा रोज सोलवटत होते.

दुसरे औषध. रात्री झोपताना पाच टक्क्यांचे लिडोकेनचे, म्हणजे जागा बधिर करणारे, मलम कापसावर घेऊन त्या जागी ठेवायचे, आणि अमिट्रिप्टिलीनची १० मिलिग्रॅमची गोळी. ती उदासीसाठीचे जुने औषध आहे हे वाचून मी प्रथम दुखावले, कारण हेही शेवटी मनावरच ढकलले असे वाटले. डॉक्टरांनी समजावले की इतक्या कमी मात्रेत ती मज्जातंतूंच्या वेदनेसाठी देतात. डोस त्यांनीच हळूहळू २५ पर्यंत नेला. तोंड कोरडे पडणे, बद्धकोष्ठ, सकाळी डोक्यावर गोधडी टाकल्यासारखी सुस्ती, हे सगळे झाले. एप्रिलमध्ये एकदा रोकड तीन वेळा मोजूनही जुळेना तेव्हा मी गोळी रात्री दहाऐवजी आठला घ्यायला लागले आणि ते निभावले.

पण खरा फरक पडला तो फिजिओथेरपीने, हे मी वहीतल्या आकड्यांच्या आधाराने म्हणते. ओटीपोटाच्या तळाशी झोळीसारखे ताणलेले जे स्नायू असतात, ते माझे अहोरात्र आवळलेले होते. दुखेल या भीतीने आवळायचे, आवळल्याने अधिक दुखायचे. त्यात भर म्हणजे, इंटरनेटवर वाचून मी वर्षभर रोज सकाळी मूलबंध आणि केगलचे व्यायाम श्रद्धेने करत होते. मॅडमनी ते पहिल्याच दिवशी थांबवले. ज्या स्नायूला सैल व्हायचे कसे हेच आठवत नाही त्याला आणखी आवळायला शिकवू नये, असे त्या म्हणाल्या. त्याऐवजी श्वास पोटात खोल घेताना तो तळ खाली उतरतो आहे हे अनुभवायचे, बालासनात पाच मिनिटे राहायचे, आणि पुढे त्यांच्या हाताने, नंतर माझ्याच बोटाने, त्या स्नायूंचे ताण सोडवायचे. कॅनडातल्या २१२ स्त्रियांवरच्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशी दहा आठवड्यांची फिजिओथेरपी रात्रीच्या लिडोकेनपेक्षा अधिक गुणकारी ठरली होती. हे मला आधी माहीत असते, तर शनिवारच्या खेपांची मी एवढी टाळाटाळ केली नसती.

जूनच्या मध्यावर वहीत एक गोष्ट उमटली. आकडा दर दिवशी संध्याकाळी चारनंतर चढत होता. बसण्याचे तास सकाळीही तेवढेच, मग चारलाच का? मॅडम म्हणाल्या, चारला तुम्ही काय करता? मी रोकड जुळवते. दुसऱ्या दिवशी लक्ष ठेवले, तर नोटा मोजताना माझे दात एकमेकांवर घट्ट बसलेले होते आणि खालीही तेच चालले होते. तेव्हापासून ड्रॉवरला एक लाल चिकटपट्टी लावली आहे. ती दिसली की जबडा सोडायचा, श्वास खाली न्यायचा. शाखेत ती कशाची आहे हे कोणालाही ठाऊक नाही.

नवऱ्याविषयी लिहिताना मला जड जाते. पाच वर्षे मी त्याला ‘आज नको’ एवढेच सांगत आले, आणि तो ते आपल्याविषयी समजत आला. आरशात ती जागा मी स्वतः पाहिली नव्हती तोवर त्याला काय सांगणार होते? ऑगस्टमध्ये त्याला मॅडमच्या भेटीला नेले. परतताना तो बराच वेळ बोलला नाही, कात्रजच्या पुढे म्हणाला, ‘मला वाटायचे तुला मी नको आहे.’ आता आम्ही ठरवले आहे की कुठे थांबायचे हे आधीच मोकळेपणाने बोलायचे. दोन वेळा वेदना आकड्यात तीनच्या वर गेली नाही, एकदा गेली आणि आम्ही थांबलो. मुलाचा विषय आम्ही जूनपर्यंत बाजूला ठेवला आहे, घरी तसे सांगितलेही आहे.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आज आकडा चार. काल चुलत नणंदेच्या साखरपुड्याला दिवसभर घट्ट चुडीदार घातला होता, दुसरे काही नाही. पूर्वी असा चार आला की सगळे मुळापासून परत आले असे वाटून मी रात्रभर जागत असे.

जेवणाच्या सुट्टीत शाखेतली नवी मुलगी, लग्नाला जेमतेम वर्ष झालेली, माझ्याजवळ येऊन बराच वेळ डब्याचे झाकण उघडझाप करत बसली आणि शेवटी म्हणाली, ‘ताई, तुम्ही शनिवारी पुण्याला कोणत्या डॉक्टरांकडे जाता? मलाही तिथे त्रास होतो.’ मी तिला विचारले, तिथे म्हणजे कुठे, आणि आपोआप की स्पर्शाने. तिने खाली पाहिले. मग मी डब्याच्या झाकणावर बोटाने घड्याळाची तबकडी काढली आणि कापसाच्या काडीपासून सांगायला सुरुवात केली. तीन वाजता ती माझ्या काउंटरशी आली आणि हळूच म्हणाली, ‘पाच आणि सहाच्या मध्ये.’ शनिवारच्या सातच्या गाडीची दोन तिकिटे काढली आहेत.